गावाला जाताना टब चालूच ठेवायचा

साताऱ्याच्या आमच्या घरी गावाला निघण्याआधी एक ठरलेली फेरी असते. गॅसचा कॉक बंद, टाकीचा नळ बंद, फ्रिज रिकामा, आणि कुलूप लावता लावता बाबांचा हात मेन स्विचवर. ही फेरी माझ्या इतकी अंगात मुरली आहे की अमेरिकेत मिनेसोटात आल्यावरही मी ती घालतेच. इथे घराचं हीटिंग बंद करून जाता येत नाही, नळ फुटतात, म्हणून थर्मोस्टॅट ५५-६० फॅरनहाइटवर ठेवायचा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, हे पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांनी शिकवलं. प्रश्न उरला मागच्या अंगणातल्या हॉट टबचा, म्हणजे गरम पाण्यात बसायच्या, सतत तापता राहणाऱ्या मोठ्या टबचा. भारतात जायचं तर मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे डिसेंबर-जानेवारीतच, म्हणजे ऐन थंडीत. मग टबाचं काय करायचं?

आई फोनवर म्हणाली, "अगं, रिकामा करून ये ना. घरात माणूस नाही आणि बाहेर पाणी तापतंय, हे काय!" माझंही मत तेच होतं. ते बदललं एका तंत्रज्ञाने.

टब आम्हाला घराबरोबरच मिळाला. काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवलेला, पाच माणसांचा, साधारण १४०० लिटर पाण्याचा. नवऱ्याला त्यात बसायला आवडतं आणि मला पाणी सांभाळायला, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. पहिल्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसला आलेल्या माणसाला मी विचारलं, महिनाभर नसू तर रिकामा केला तर चालेल का? त्याने उत्तर देण्याऐवजी बाजूच्या पॅनेलचे स्क्रू काढले आणि टॉर्च माझ्या हातात दिला. आत दोन पंप, स्टीलच्या नळीतला हीटर आणि बाकी सगळं नळ्यांचं जंजाळ. प्रत्येक जेटला, म्हणजे टबात जोराने पाणी सोडणाऱ्या तोंडाला, दोन नळ्या, एक पाण्याची, एक हवेची. काही वर चढतात, काही खाली झोळ खातात, काही फोमच्या थरात शिरून दिसेनाशा होतात. खालच्या ड्रेनमधून टबातलं पाणी जातं, या झोळांमधलं जात नाही. गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि पीव्हीसीच्या जोडाला तेवढं पुरतं. शिवाय फुटलेलं कळतं एप्रिलमध्ये, टब पुन्हा भरल्यावर, आणि गळती नेमकी कुठे ते शोधायला फोम खरवडत बसावं लागतं.

रिकामा करायचा योग्य मार्ग आहेच, पण तो नळ उघडून मोकळं होण्याइतका सोपा नाही. आधी ब्रेकर बंद, नाहीतर कोरडा हीटर जळतो. पाणी काढल्यावर शॉप व्हॅकने (हवा फुंकूही शकणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूमने) एकेक जेट फुंकून काढायचा, पंपांचे ड्रेन प्लग काढायचे, हीटरच्या दोन्ही बाजूंचे फिरकीचे जोड सैल करायचे, फिल्टर घरात न्यायचे, आणि तरीही जिथे पाणी राहील तिथे गुलाबी रंगाचं, आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) नळांसाठी मिळणारं अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव, ओतायचं. गाडीतलं अजिबात नाही, ते विषारी असतं. वसंतात हे सगळं धुऊन काढायचं ते वेगळंच. ज्यांना नोव्हेंबर ते एप्रिल टब वापरायचाच नाही, किंवा ज्यांचा टब जंगलातल्या केबिनवर आहे आणि तिथे वीज वारंवार जाते, त्यांनी हे जाणकाराकडून करून घ्यावं. आमच्यासारख्या तीन-चार आठवड्यांसाठी जाणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं पक्कं मत झालं आहे. कडाक्याच्या थंडीत भरलेला आणि फिरतं पाणी असलेला टबच जास्त सुरक्षित. मिनिॲपोलिसमध्ये जानेवारीचं सरासरी किमान तापमान उणे १३ सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि ३० जानेवारी २०१९ ला ते उणे ३३ पर्यंत गेलं होतं. अशा हवेत अर्धवट रिकाम्या नळ्या म्हणजे आपणहून संकट मागवणं.

भरलेल्या टबाला स्वतःची राखण करता येते, वीज असेपर्यंत. हीटरजवळच्या सेन्सरला पाणी ४४ फॅरनहाइटच्या, म्हणजे ७ सेल्सिअसच्या खाली गेलेलं दिसलं की आमच्या टबाचे पंप आपोआप सुरू होतात आणि सगळ्या नळ्यांतून पाणी खेळवतात. पण ही शेवटची तटबंदी. तिथवर वेळ येऊ नये यासाठीची तयारी ऑक्टोबरपासून करावी लागते.

ऑक्टोबरअखेरीस मी पाणी बदलते. साधारण तीन-चार महिन्यांनी ते बदलावं लागतंच, आणि ती पाळी जानेवारीत आली तर पंचाईत. अंगणातला नळ तेव्हा आतून बंद केलेला, होज गॅरेजमध्ये गुंडाळलेला, आणि बाहेर सोडलेलं पाणी पाच मिनिटांत चौथऱ्याभोवती काचेसारखं घट्ट. काढायच्या आदल्या दिवशी नळ्या साफ करणारं द्रव टाकून जेट चालवते. पाण्यावर तपकिरी, बुळबुळीत साय येते. पहिल्यांदा बघितली तेव्हा नवऱ्याचं टबात बसण्यावरचं प्रेम आठवडाभर आटलं होतं. ही नळ्यांत चिकटलेली जिवाणूंची पुटं. ती तशीच ठेवून वरून कितीही औषध ओतलं तरी ते तिथेच खर्ची पडतं. मग सबमर्सिबल पंपाने पाणी काढायचं, टब पुसायचा, आणि होजचं तोंड फिल्टरच्या खोबणीत धरून भरायचा. थेट टबात सोडलं तर नळ्यांत हवा अडकते आणि पंप नुसता घुरघुरत राहतो. नळाचं पाणी तेव्हा १०-१२ अंश सेल्सिअसवर असतं. साडेपाच किलोवॅटच्या हीटरला ते ३८ पर्यंत न्यायला आठ-नऊ तास लागतात, म्हणून भरणं सकाळीच.

जंतू मारायच्या औषधाचं म्हणाल तर आमचा टब क्लोरीनवर नाही, ब्रोमिनवर आहे. गरम पाण्यात ते जास्त टिकतं आणि वापरलं गेलेलं ब्रोमिन शॉक (पाण्यातली घाण जाळणारी पूड) टाकला की पुन्हा कामाला लागतं. लांब जाणाऱ्यांना हे सोयीचं. दोन्हींच्या गोळ्या मात्र एका डब्यात कधीही टाकायच्या नाहीत, एकत्र आल्या तर त्यांचा भडका उडू शकतो. सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं सांगणं असं, की हॉट टबात ब्रोमिन किमान ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार (क्लोरीन असेल तर ३) आणि पीएच ७.० ते ७.८ असावा. मी आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद, १०० पीपीएमच्या आसपास आणते, मग पीएच ७.४, आणि सगळ्यात शेवटी ब्रोमिन. अल्कलिनिटी हलत असेल तर पीएच जागेवर राहत नाही, त्यामुळे हा क्रम उलटा करून उपयोग नाही.

निघायच्या आठवड्यात टबात कोणी उतरत नाही. मुलं कुरकुरतात, पण अंगाचं तेल, साबण, लोशन हे सगळं औषध खातं, आणि आपण नसताना औषध घालायला कोणी नसतं. फिल्टर रात्रभर क्लीनरमध्ये भिजवून, घड्यांमधून होजऐवजी बाथटबच्या शॉवरने धुऊन वाळवते. त्यांच्या जागी आधीच धुतलेली दुसरी जोडी. डोकं टेकायच्या उशा काढून घरात. शॉक टाकल्यावर कव्हर अर्धा तास उघडं ठेवते, कारण निघणारी वाफ आत कोंडली तर कव्हरचं आतलं अस्तर ठिसूळ होतं. उणे दहात अंगणात अर्धा तास उभं राहायची हौस नसते, म्हणून खिडकीतून बघत चहा. शेवटी गोळ्यांचा तरंगता डबा भरून, त्याची झडप जेमतेम उघडी ठेवून सोडते.

तापमान किती ठेवायचं यावर घरात दरवर्षी वाद. नवऱ्याचं म्हणणं, कोणी बसणार नाही तर वीज का जाळायची, ७० फॅरनहाइटवर, म्हणजे २१ सेल्सिअसवर आणून ठेव. मी कागद घेऊन बसले. उष्णता जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर उणे १३ सेल्सिअस आणि आत ३८ असेल तर फरक ५१ अंशांचा. आत ३२ केलं तर ४५ चा. म्हणजे बचत जेमतेम आठवा हिस्सा. अगदी २७ वर आणलं तरी पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त. उन्हाळ्यात हाच हिशेब वेगळा येतो. तेव्हा बाहेर २५ असतं आणि आत १० अंश कमी केले की बिल सपाट होतं. हिवाळ्यात मात्र त्या थोड्या डॉलरांसाठी आपण काय गमावतो? वीज गेली तर हाताशी असलेले तास. १४०० लिटर गरम पाणी हीच आपली बॅटरी. मी ९० फॅरनहाइट ठेवते, म्हणजे ३२. कमी तापमानात औषध जरा जास्त टिकतं, वाफ कमी होते, आणि वीज गेलीच तर उबेची शिल्लकही राहते. थंड ठेवलं म्हणजे पाणी निर्धोक झालं असं मात्र नाही. लिजिओनेला हा जिवाणू २५ ते ४५ सेल्सिअसमध्ये मजेत वाढतो, म्हणजे २७ काय आणि ३८ काय, राखण औषधानेच करायची.

कंट्रोल पॅनेलवर दोन-तीन मोड असतात. 'रेस्ट'मध्ये टब फक्त फिल्टर चालू असतानाच तापवतो. नाव चांगलं आहे, पण थंडीत त्याच्या वाट्याला जायचं नाही. 'स्टँडर्ड'च ठेवते आणि फिल्टरच्या दोन पाळ्यांपैकी एक पहाटेची, कारण सगळ्यात कडक थंडी तेव्हाच.

कव्हरची तपासणी मी हाताने करते. आतल्या फोमभोवतीचं प्लास्टिक फाटलं की फोम पाणी पितो आणि कव्हर भिजलेल्या गोधडीसारखं जड होतं. ते उचलताना कंबर भरली तर समजायचं, ऊब धरायची त्याची शक्ती संपली. दुसरी खूण बर्फ पडल्यावर दिसते. चांगल्या कव्हरवर बर्फ सगळीकडे सारखा साचून राहतो. आमच्या कव्हरवर मधल्या बिजागरीच्या रेघेवर बर्फ वितळून एक काळी पट्टी दिसायची, म्हणजे तिथून वाफ बाहेर पडत होती. त्या वर्षी फटीवर फोमची जाड पट्टी लावून वरून पट्टे आवळले. बर्फ झाडायला फक्त मऊ झाडू. फावड्याने झाडणारे मी बघितले आहेत. उणे वीसला व्हिनाइल इतकं कडक होतं की एका फटक्यात चिरतं.

फोनवर टबाचं ॲप आहे. त्यात पाण्याचं तापमान दिसतं, पण पाणी सगळ्यात शेवटी गोठतं. आधी गोठतात पॅनेलमागच्या नळ्या. म्हणून पंपाशेजारी एक स्वस्तातला वायरलेस थर्मामीटर ठेवून दिला आहे. पंपाच्या स्वतःच्या उबेने तिथे एरवी १५-२० अंश असतात.

तरीही ॲप म्हणजे माणूस नव्हे. शेजारी निवृत्त आजोबा राहतात. मिनेसोटात जन्मलेले, बर्फात मासेमारी करणारे. एकमेकांना आम्ही नावानेच हाक मारतो, पण घरात मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांना किल्ली आणि एक छापील पान देते: आठवड्यातून दोनदा पॅनेलवरचा आकडा बघा, कान लावून पंपाचा आवाज ऐका, कव्हर थोडं उचलून पाणी फिल्टरच्या तोंडाच्या वर आहे का बघा, डबा कोपऱ्यात अडकला असेल तर मध्ये ढकला, कारण एका जागी राहिला तर तिथल्या ॲक्रिलिकचा रंग उडतो. पाणी कमी दिसलं तर घरातून कोमट पाण्याची बादली. पान वाचून ते म्हणाले, माझ्या हृदयाच्या गोळ्यांनाही एवढ्या सूचना नाहीत.

गेल्या जानेवारीत सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला आम्ही साताऱ्यात होतो. सकाळचा चहा चालू होता, म्हणजे मिनेसोटात आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेअकरा तास मागे. सवयीने ॲप उघडलं तर टब ऑफलाइन. पंपाजवळचा थर्मामीटरही गायब, आणि घराचा थर्मोस्टॅटही. एकटा टब गेला असता तर टबाचा बिघाड. तिन्ही एकदम म्हणजे एकतर इंटरनेट नाहीतर वीज. आजोबांना फोन लावला. त्यांच्या घरातही अंधार, गॅसच्या शेकोटीपुढे बसले होते. वाऱ्याने झाडाची फांदी तारांवर पडली होती. बाहेर उणे २२.

माझं पहिलं वाक्य, कव्हर उघडून बघू नका. ते म्हणाले, मी कशाला उघडतोय. टबाच्या तीन बाजूंना झाडलेला बर्फ त्यांनी आधीच रचून ठेवला होता. बर्फात हवा कोंडलेली असते, ती ऊब धरते. पंपांच्या बाजूला मात्र बर्फ नको, तिथलं पॅनेल उघडायला लागू शकतं. त्या बाजूला त्यांनी सामान हलवताना वापरायच्या जुन्या जाड चादरी टेकवल्या आणि वर फळी लावली. पुढचे काही तास माझ्या हातातून फोन सुटला नाही. मी मनातल्या मनात हिशेब करत होते: कव्हर बंद असेल तर आमच्या टबातून साधारण अर्धा किलोवॅट उष्णता जाते, म्हणजे तासाला पाव अंश सेल्सिअसच्या आसपास. पाण्याची काळजी नव्हती. काळजी त्या झोळ खाणाऱ्या नळ्यांची होती.

दुपारी जेवणं उरकता उरकता घराचा थर्मोस्टॅट ॲपवर परत आला, टब मात्र नाही. आजोबा टॉर्च घेऊन बाहेर गेले, व्हिडिओ कॉल चालू ठेवून. भिंतीवरच्या राखाडी पेटीत ब्रेकरची कळ ना वर ना खाली, मधेच अडकलेली. वीज परतताना तो ट्रिप झाला होता. अशी कळ नुसती वर ढकलून चालू होत नाही, आधी पूर्ण बंदकडे दाबायची, मग चालू. त्यांच्या जाड हातमोज्यात ती मावेना, शेवटी मोजा दातात धरून उघड्या हाताने दाबली. पॅनेलवर दिवा लागला. पंप काही मिनिटं नळ्यांतली हवा काढत घरघरला, आणि मग आकडा आला, ८७ फॅरनहाइट.

"सत्त्याऐंशी! फक्त तीन उतरलं!" मी ओरडले. पलीकडे पानाचा डबा उघडून बसलेल्या आत्याबाई दचकल्या. "कुणाचा ताप उतरला गं?" मग सत्त्याऐंशी म्हणजे ताप नाही, अंग गार पडलंय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या आणखीनच घाबरल्या. पुढचा अर्धा तास सगळ्या नातेवाइकांना हॉट टब म्हणजे काय ते समजावण्यात गेला. मामांचं मत पडलं, त्यापेक्षा बंब बरा, लाकडं संपली की विषय संपला.

परत आलो तेव्हा उणे १८. सामान दारात टाकून मुलं थेट टबाकडे निघाली, त्यांना अडवलं. नुसतं तापमान वाढवून उतरायचं नसतं. कव्हरची एक बाजू कडेला गोठून चिकटली होती. ओढली असती तर अस्तर फाटलं असतं. तिथे कोमट पाण्याचा टॉवेल दाबून धरला आणि ती सुटली. बाहेरच्या गारठ्यात चाचणीच्या पट्ट्या नीट रंग दाखवत नाहीत, म्हणून कोपरभर खोलीवरून पाणी कपात घेऊन स्वयंपाकघरात आणलं. पीएच ठीक, ब्रोमिन जेमतेम २. डब्यातल्या गोळ्या झिजून बोराच्या बीएवढ्या झाल्या होत्या. पाणी किंचित दुधाळ, वास नाही. फिल्टर बदलले, नॉन-क्लोरीन शॉक टाकून जेट चालवले, अर्धा तास कव्हर उघडं. तेवढ्यात टबाच्या कडेवर वाफेची बर्फाची झालर तयार झाली आणि माझ्या कपाळावरचे केस पांढरे. दुसऱ्या दिवशी ब्रोमिन ४ च्या वर टिकलेलं दिसलं, पाणी नितळ झालं, तेव्हा तापमान १०२ फॅरनहाइटवर चढवलं. अशा हवेत बारा अंश चढायला दोन-अडीच तास लागतात. पाण्यात ब्रोमिन कमी असताना उतरलं तर अंगावर पुरळ येतं, आणि ते सगळ्यात जास्त पोहायच्या कपड्यांखाली येतं. एका ओळखीच्या कुटुंबाने ते अनुभवलं आहे, त्यामुळे मुलांच्या रडण्याला मी भीक घातली नाही.

त्या महिन्याचं वीजबिल नेहमीच्या जानेवारीपेक्षा थोडं कमीच आलं. नवऱ्याने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे, ७० वर ठेवलं असतं तर किती वाचले असते तो आकडा पेन्सिलने खाली लिहून. मी नवं कव्हर मागवलं आहे, बिजागरीच्या पूर्ण लांबीला सील असलेलं. आजोबांसाठी साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते. ते खाताना त्यांनी सांगितलं, पुढचा हिवाळा ते आणि आजी ॲरिझोनात मुलीकडे काढणार आहेत. त्यामुळे सध्या गल्लीत नवा माणूस शोधते आहे. दोन घरं सोडून नुकतंच नागपूरचं एक जोडपं आलंय. वहिनींना पॅनेल उघडून नळ्या दाखवून झाल्या आहेत, ब्रेकरची कळ त्यांनी दोनदा दाबून बघितली, आणि ते छापील पान आता मराठीत लिहायला घेतलं आहे.